दहा वर्षं हात लावायचा नाही

५ जानेवारी २०२५, रविवार. पेण

ही वही पद्मजाने आणली. म्हणाली, "रविवारी सकाळी खिडकीत नुसते बसून असता. काहीतरी लिहा तरी." मी नुसता बसत नाही, वाट बघतो. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

आजही नऊच्या सुमारास फाटकाशी मोटरसायकल थांबली. बंद होताना इंजिन दोनदा खोकलं, अगदी तसंच. मी उठून बाहेर गेलो. रस्ता रिकामा. समोरच्या गणपतीच्या कारखान्यात एक माणूस साचे धूत होता. त्याला विचारलं, आत्ता इथे कोणी आलं होतं का? तो नाही म्हणाला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

दत्ताला जाऊन पाच महिने झाले. सोळा वर्षं तो दर रविवारी नऊला यायचा. त्याची नम्रता आठवीत माझ्या विज्ञानाच्या वर्गात होती, तेव्हापासून.

७ जानेवारी

आधीची हकीगत लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातली कमी होईल.

चार वर्षांपूर्वी मी एका नव्या कंपनीबद्दल वाचलं. क्षारिका एनर्जी. लिथियमऐवजी सोडियमची बॅटरी करणार. सोडियम म्हणजे मीठच की! लिथियम परदेशातून आणावं लागतं, मीठ आपल्या दारात. मी तीन महिने अभ्यास केला, अहवाल छापून घेतले, ओळी अधोरेखित केल्या. नफा शून्य, कारखाना अर्धा बांधलेला, शेअर एका आठवड्यात वीस टक्के वर आणि पुढच्यात तीस टक्के खाली. पण शोध खरा होता. निवृत्तीच्या पैशातला निम्म्याहून जास्त हिस्सा मी त्यात घातला.

रविवारी दत्ताला सांगितलं. त्याचे आजे-पणजे खाडीतल्या मिठागरांवर राबले. तो स्वतः डोलवीच्या कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवून घरी बसला होता. तो खुर्चीतून उठलाच. "सर, आमच्या मिठाची बॅटरी? मिठावर गाडी पळनार?"

त्यानेही घेतले. मी अट घातली. दहा वर्षं हात लावायचा नाही. वर जावो, खाली जावो. आणि एकाने दुसऱ्याला सांगितल्याशिवाय विकायचं नाही. त्याने माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत भाव सहापट झाला. मग तीन वर्षं पडत राहिला. दत्ता एकदाही डगमगला नाही. भाव पडला की मी दोन दिवस जेवत नसे, आणि हा रविवारी येऊन पावट्याच्या शेंगा टेबलावर ओतायचा नि म्हणायचा, "तुमी हाय तवर मी हाय, सर." एवढा खंबीर गुंतवणूकदार मी पाहिलेला नाही.

१४ जानेवारी

तिळगूळ. पद्मजाच्या मैत्रिणी वर आल्या नाहीत, खालीच ओट्यावर बसल्या. भाव पुन्हा चार टक्के खाली.

नम्रताला फोन केला. ती लग्नानंतर रोह्याला असते, धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. म्हटलं, दत्ताचे शेअर वहिनींच्या नावावर करून घ्यायला हवेत, मी सगळे फॉर्म भरून देतो. ती म्हणाली, "बघू सर. घाई नाय." हे तिसऱ्यांदा. बापाच्या जखमेला हात लावायची तिची तयारी नसावी. किंवा तिला सगळं ठाऊक आहे आणि ती मला दोष देते.

२६ जानेवारी, रविवार

आज लिहायचंच.

गेल्या वर्षी, दोन जून. दत्ता आला तेव्हा घामाघूम होता. उकाडा होता म्हणून मला विशेष वाटलं नाही. पद्मजा चहा घेऊन दाराशी आली. तो पटकन उठला, तिच्या हातून ट्रे घेतला, ती भिंतीला धरून आत जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि म्हणाला, "सर, इकून टाकू काय सगळा?"

मी चिडलो. शाळेत चिडायचो तसा. एक तास बोललो. ज्या कंपन्या पुढे मोठ्या झाल्या त्या सगळ्या आधी नव्वद टक्के पडल्या होत्या, आणि तेव्हा ज्यांनी विकलं ते जन्मभर कपाळ बडवत राहिले. म्हटलं, "शब्द दिला होतास ना?" तो मान हलवत होता. एकदा म्हणाला, "पन पैसा वेळेला कामी नाय आला तर काय उपेग?" मी म्हटलं, "वेळ दहा वर्षांनी येईल." तो हसला. जाताना डावा दंड चोळत होता.

नऊ ऑगस्टला गेला. दहाव्याला नम्रताकडून कळलं, मेमध्येच डॉक्टरांनी हृदयाच्या नळीचं सांगितलं होतं. अँजिओप्लास्टी लगेच करा म्हणून.

त्याला पैसे हवे होते. तो मागायला आला होता, स्वतःचेच पैसे. मी दिले नाहीत.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पद्मजालाही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आवाज ऐकू आल्यावर थांबवेना. रिक्षा करून दत्ताच्या गावी गेलो. बांधावरून जाताना पाठमोरा कोणी उभा होता, कमरेवर हात ठेवून खाडीकडे बघत. रिक्षा जवळ गेली तर कुंपणाचा खांब, त्यावर वाळत घातलेला शर्ट.

चंद्रावती वहिनी ओट्यावर वाल निवडत होत्या. घर आता चांगलं उंच जोत्यावर आहे. मी शेअरचा विषय काढला. "वहिनी, कागद करून घेऊ. ते तुमचे पैसे आहेत. आज कमी दिसतात, पण ठेवले तर—"

"पद्मजाताईंचे पाय कसे हायत, सर?" त्यांनी मधेच विचारलं.

"बरे आहेत. वहिनी, मी शेअरचं म्हणत होतो."

"जिना चडतात का?"

मी शेअरचं बोलतोय, त्या पायांचं. तीनदा असंच झालं. शेवटी उठलो. त्यांनी पोपटी, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, बांधून दिली, म्हणाल्या, "ताईंना सांगा, मी येतंय भेटाया." दत्ताच्या फोटोकडे मी बघितलं नाही. पायताण घालताना मात्र पाठीमागून ऐकलं, स्पष्ट, त्याच्याच आवाजात: "इकून टाकू काय सगळा?" वळलो. वहिनी सालं वेचत होत्या.

१२ फेब्रुवारी

लहान कंपन्यांचा बाजार सगळाच पडतोय. क्षारिका आज अकरा टक्के खाली. मी विकणार नाही. मी आत्ता विकले तर दत्ताला ज्यासाठी अडवलं ते खोटं ठरेल. भाव परत आला पाहिजे. एकदा तरी. मग मी त्याला सांगू शकेन की बघ, थांबणं बरोबर होतं.

पद्मजा आज जिना बसत बसत उतरली. एकेक पायरी. म्हटलं, तेल लाव. दुपारी एकटीच बँकेत गेली.

५ मार्च

अठरा टक्के वर! कंपनीला बसच्या बॅटऱ्यांची मोठी ऑर्डर मिळाली. मी हॉलमध्ये उभा राहून मोठ्याने म्हणालो, "दत्ता, बघ." पद्मजा स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण आलंय?"

१६ मार्च, रविवार

भाव टिकून आहे. तरी छातीवरचं ओझं हललेलं नाही. वाटलं होतं, वर गेला की आवाज थांबेल. आज तो फाटकाशी थांबला, शिवाय पायऱ्यांवर पावलंही वाजली, दारापर्यंत. मी दार उघडं ठेवून बसलो. पद्मजा म्हणाली, "डास येतील."

एक शंका लिहून ठेवतो. मी नक्की काय धरून बसलोय, कंपनी की माझंच बोलणं? तीन वर्षांत मी त्यांचे अहवाल पहिल्यासारखे वाचलेले नाहीत. नुसता भाव बघतो. विद्यार्थ्याने प्रयोग न करता निष्कर्ष लिहिला असता तर मी शून्य दिलं असतं.

२९ मार्च

काल बाजार बंद झाल्यावर बातमी आली. क्षारिकाच्या हिशेबतपासनिसाने राजीनामा दिला. ती बसची ऑर्डर होती की नव्हती यावरच प्रश्न आहे. सोमवारी ईदची सुट्टी. मंगळवारी बाजार उघडताच काय होणार ते मला ठाऊक आहे.

माझं जाऊ दे. वहिनींचे उरलेसुरले तरी वाचवायला हवेत. नम्रता फोनवर टाळते. उद्या रोह्याला जातो.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

सकाळी गुढी खालच्या खिडकीत उभारली. पद्मजा म्हणाली, "गच्चीवर कशाला? इथे दिसते की." मी घाईत होतो. आठच्या गाडीने निघालो. नऊ वाजता मी गाडीत होतो, तेव्हा फाटकाशी आवाज झाला की नाही ठाऊक नाही.

नम्रताचं घर कुंडलिकेच्या बाजूला आहे. जावई साहिल शिफ्टला गेला होता. तिने पुरी वाढली. मी ताटाला हात न लावता सगळं सांगितलं. मग ते दोन जूनचंही. की तुझा बाप इलाजाचे पैसे मोकळे करायला आला होता आणि मी त्याला अडवलं. की आठ महिने मला झोप नाही. "तुला मला काय बोलायचं ते बोल, पण परवा सकाळी आईचे शेअर वीक."

ती हातातली पळी तशीच धरून बसली होती.

"सर," ती म्हणाली, "पपांच्या खात्यात एकपण शेअर नाय."

"कोणी काढले?"

"पपांनीच. एकवीस सालच्या दिवाळीच्या आधी. सगळे."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती हळू आवाजात सांगत राहिली. भाव सहापट झाला तेव्हाच दत्ताने विकले. नम्रताचं लग्न त्यातून झालं. घराचं जोतं उचललं, म्हणून उधाणाचं पाणी घरात शिरायचं थांबलं. उरलेले बँकेत ठेवले.

"मग पुढची तीन वर्षं?" मी विचारलं. "दर रविवारी तो माझ्यासमोर बसून…"

"शनिवारी मला फोन करायचे. 'त्या कंपनीचा भाव काय झाला गो? सांग, उद्या सरांकडं जायाचा हाय.' मी वाचून दाखवायची. ते कागदावर लिहून घ्यायचे. बातमी असली तर तीपण." ती हसली आणि तिचे डोळे भरले. "मी म्हटलं एकदा, पपा, सांगून टाका ना. तर म्हणाले, सरांना दुसरा कोण हाय बोलाया? पोरबाळ नाय, शाळा सुटली. शब्द मोडला कळला तर ते दार लावतील. मग मी रविवारी कुटं जाऊ?"

मी पाणी प्यायलो. मग विचारलं, की पैसे होते तर अँजिओप्लास्टी का नाही केली.

"घाबरले. चाळीस फुटांवर क्रेनमध्ये तीस वर्षं बसलेला मानूस, पण टेबलावर झोपायला घाबरले. आई रडली, मी भांडले. पावसाळा होऊ दे म्हणाले. तुमचा त्यात काय संबंध नाय, सर."

तुमचा त्यात काही संबंध नाही. आठ महिने हेच कोणीतरी म्हणावं असं मला वाटत होतं. ऐकलं तेव्हा सुटका वाटली नाही. आधी राग आला. फसवल्याचा. मग राग गेला आणि काहीच उरलं नाही. त्याचं मरण मी इतके दिवस माझं म्हणून सांभाळलं होतं. तेही माझं नव्हतं.

"मग त्याने त्या दिवशी का विचारलं?" मी म्हणालो. "विकू का म्हणून? विकायला काही नव्हतंच तर?"

नम्रता माझ्याकडे बघत राहिली. वर्गात मी एखाद्या हुशार मुलाकडे असा बघायचो, ज्याला सोपं गणित सुटत नाही.

"काकूंच्या गुडघ्यांसाठी, सर. काकू आईला बोलल्या होत्या. डॉक्टर दोन वर्षं ऑपरेशन सांगतायत आणि सर म्हणतात भाव येऊ दे. पपा म्हणाले, सरळ सांगितला तर सर ऐकनार नाय. मी माझा म्हणून इचारतो. ते व्हय म्हणाले की त्यांचापन इकला जाईल." तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "घरी आल्यावर आईला म्हणाले, 'नाय जमला गो.'"

परतीची गाडी कशी पकडली आठवत नाही. नागोठण्याला कोणीतरी विचारलं, "काका, बरं नाय काय?"

३१ मार्च

सकाळी पद्मजाला सगळं सांगितलं, मग म्हणालो, "उद्या सगळे विकतो. तुझं ऑपरेशन करून घेऊ."

ती भाजी चिरत होती. "नऊ एप्रिलची तारीख घेतलीय मी. पनवेलला. नम्रता येणार आहे सोबत."

"पैसे?"

"माझी ठेव मोडली फेब्रुवारीत."

"मला न विचारता?"

"दोन वर्षं विचारत होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

१ एप्रिल

सव्वानऊला बाजार उघडला आणि त्याच मिनिटाला भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकला. याला लोअर सर्किट म्हणतात. विकणारे लाखो, घेणारा एकही नाही. माझी ऑर्डर रांगेत पडून राहिली. साडेतीनला आपोआप रद्द.

३ एप्रिल

तेच. रोज सकाळी ऑर्डर टाकतो, रोज संध्याकाळी परत येते. चार वर्षं मी याला सोडत नव्हतो. आता मला सोडायचंय तर सुटत नाही.

६ एप्रिल, रविवार

नऊला मोटरसायकल फाटकाशी थांबली. मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाऊ? खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि तो परत जाईल म्हणून आत बसून राहिलो. जाण्याचा आवाज मात्र आला नाही. दुपारपर्यंत कोणीतरी दाराबाहेर बसून आहे असं वाटत होतं, काहीतरी सांगायचं असून न सांगता.

गेल्या तीन वर्षांचे रविवार एकेक करून आठवतोय. तो खिशातून चिठ्ठी काढून बघायचा. मला वाटायचं, बायकोने सामानाची यादी दिलीय.

९ एप्रिल. पनवेल

पद्मजाला साडेदहाला आत नेलं. स्ट्रेचरवरून तिने नम्रताचा हात धरला होता. माझ्याकडे बघून म्हणाली, "चष्मा सांभाळा माझा."

बाकावर बसलो असताना फोन वाजला. आज सर्किट उघडलं होतं. सगळे शेअर विकले गेले. घातले त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी आले. मेसेज दोनदा वाचला. काही वाटायला हवं होतं. नम्रताने विचारलं, "काय सर?" म्हटलं, "काही नाही. सुटले." तिने मान हलवली आणि औषधांची चिठ्ठी माझ्या हातात दिली. खालच्या दुकानात गर्दी होती. रांगेत उभा राहिलो.

अडीचला बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी दुसऱ्या गुडघ्याचं. आधी आला असता तर हाड इतकं झिजलं नसतं, असंही म्हणाले. माझ्याकडेच बघून म्हणाले. कोणी सांगितलं होतं की काय, कोण जाणे.

२० एप्रिल, रविवार. पेण

पद्मजा वॉकर धरून हॉलमधून गॅलरीपर्यंत गेली आणि परत आली. चंद्रावती वहिनी सकाळपासून आल्यात, तिचं डोकं विंचरून दिलं, भाकऱ्या केल्या. दोघी हसत होत्या. मी आत गेलो की हसणं थांबत होतं. रागाने नाही. सवयीने.

वहिनी गेल्यावर मी पद्मजाला विचारलं, "दत्ताने विकलेत हे तुला केव्हा कळलं?" कारण मी तिला सांगितलं त्या दिवशी तिने भाजी चिरायची थांबवली नव्हती. हे इतक्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं.

"त्याच दिवाळीत," ती म्हणाली. "चंद्रावती फराळ घेऊन आली होती तेव्हा."

"साडेतीन वर्षं?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

ती वॉकरला रेलून उभी होती. दुखत असणार, पण बसली नाही. "सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी तुम्ही दत्ताभावोजींना घरात घेतलं असतं?"

"घेतलं असतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग "बरं" म्हणाली, आणि वॉकर वळवून हळूहळू आत गेली.

खरं उत्तर इथे लिहितो. नसतं घेतलं.